तर्रीच्या कार्डावरचा रिकामा रकाना

रामदासपेठेत लेंड्रा पार्कच्या आसपास सकाळी फिरायला निघणाऱ्यांना तर्री ओळखीची आहे. रंग तांबूस, शेपटीला नि कानांना झालरीसारखे लांब केस, पाय धडाच्या मानाने आखूड, एक कान ताठ आणि दुसरा टोकाशी मुडपलेला. रंगावरूनच नाव पडलं. नागपुरात पोह्यांवर ओततात ती तर्री अशीच दिसते. तिला घेऊन दोन फेऱ्या मारल्या की ‘ही कोणत्या ब्रीडची?’ हा प्रश्न निदान तीनदा कानावर येतो, आणि विचारणाऱ्यापाशी उत्तरही तयार असतं. चौकीदार तिला लोमडी म्हणतो. समोरच्या बंगल्यातल्या आजींच्या मते ती पामेरियन. शाळकरी पोरं ‘लॅब क्रॉस’ म्हणतात. एका गृहस्थांनी तर नुसते पाय पाहून डॅशहुंड सांगितला.

तर्रीच्या घरातही या प्रश्नावर दोन पक्ष आहेत. एक काकांचा. त्यांनी जन्मभर कागदपत्रं असलेली कुत्री पाळली: आधी अल्सेशियन, मग एकामागून एक दोन डॉबरमन, शेवटी लॅब्रॅडॉर. दुसरा पक्ष त्यांच्या पुतणीचा. ती सेमिनरी हिल्सवरच्या पशुवैद्यक महाविद्यालयात शेवटच्या वर्षाला आहे. या पेठेतल्या कुठल्याही गच्चीवर सापडतील अशी ही दोन माणसं, म्हणून इथे त्यांची नावं दिलेली नाहीत.

तर्री घरात आली ती २०२२ च्या हिवाळ्यात. त्या वर्षी २० ऑक्टोबरला मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने आदेश दिला होता की भटक्या कुत्र्यांना रस्त्यावर खाऊ घालू नये, ज्यांना त्यांची माया आहे त्यांनी कुत्रं रीतसर दत्तक घेऊन घरात ठेवावं. पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यातल्या सक्तीच्या कारवाईला स्थगिती दिली. पुतणीने मात्र तोवर मनाशी ठरवलं होतं. कॅनॉल रोडवर एका पिवळट, आखूड केसांच्या कुत्रीने पिल्लं घातली होती; त्यातलं सगळ्यात बुटकं पिल्लू तिने उचलून आणलं. लसीकरणाचं कार्ड झालं. नाव, लिंग, रंग, जन्माचा अंदाजे महिना, सगळं भरलं गेलं. ‘ब्रीड’ हा रकाना रिकामा राहिला, आणि यंदाच्या रेबीजच्या लशीपर्यंत रिकामाच होता.

“पामेरियन क्रॉस लिहून टाक ना,” काका म्हणाले. “रिकामं कशाला ठेवून राहिलीस?”

“माहीत नाही ते लिहायचं काहून, काका?”

“माहीत कसं नाही? केस पाहा तिचे. गावठी कुत्र्याला असे केस असतात का?”

काकांचं म्हणणं वरवरचं नाही. त्यांच्या लेखी ब्रीड म्हणजे दिलेला शब्द. लॅब्रॅडॉर घेतला की तो पाण्यात उतरणार, फेकलेली वस्तू आणून देणार, पोरांचे हाल सोसणार. डॉबरमन घेतला की तो दारात उभा राहणार. कुत्रं दहा-बारा वर्षं घरात राहतं. तेवढ्या सोबतीची बांधिलकी घेण्याआधी माणसाने आई-बाप विचारले, तर त्यात गैर काय? “आंब्याचं कलम घेताना आपण विचारतोच की,” ते म्हणतात. “कोय लावून वाट पाहत बसायची हौस असेल त्याने बसावं.”

पुतणीला ‘जात’ हा शब्द कुत्र्यांच्या बाबतीतही खटकतो. तो माणसांनी एकमेकांना पुरेसा लावून झाला आहे, असं ती म्हणते आणि ‘वाण’ हा शब्द वापरते. पण तिचा खरा आक्षेप निराळा आहे. आई-बापांचे वाण कळले की पिल्लू कळलं, हे गणितच तिला चुकीचं वाटतं.

“अमेरिकेत मेन राज्यात बार हार्बर नावाचं गाव आहे,” तिने सांगायला सुरुवात केली. “तिथल्या जॅक्सन प्रयोगशाळेत पॉल स्कॉट आणि जॉन फुलर या दोघांनी कित्येक वर्षं कुत्री वाढवली. पाच वाण घेतले होते, आणि त्यातल्या दोघांचा संकर केला: बासेंजी आणि कॉकर स्पॅनियल. बासेंजी आफ्रिकेतला, ताठ कानांचा, आखूड केसांचा, क्वचित भुंकणारा. कॉकर लोंबत्या कानांचा, झुपकेदार केसांचा. दोघांचीही वंशावळ कागदावर. पहिल्या पिढीची पिल्लं झाली, तर ती ना बासेंजीसारखी, ना कॉकरसारखी. पुढे त्या पिल्लांची आपसांत पिल्लं झाली तेव्हा तर एकाच घरातली वाटू नयेत इतकी वेगवेगळी निघाली. हे १९६५ साली पुस्तकात आलं. त्यांतलं एखादं पिल्लू इथे कॅनॉल रोडवर सोडलं असतं, तर आपल्यापैकी कोणी त्याला ‘बासेंजी-कॉकर’ म्हटलं असतं?”

“नसतं म्हटलं,” काका म्हणाले. “पण आपल्याला ओळखू आलं नाही म्हणजे ते बासेंजी-कॉकर नव्हतं, असं थोडंच आहे?”

हा मुद्दा बरोबर होता आणि पुतणीने तो मान्य केला. मग तिने तर्रीला समोर उभं केलं. पुढचा अर्धा तास झाला तो वाद नव्हता. दोघांनी मिळून केलेला तपास होता.

आधी केस. कुत्र्याच्या अंगावरचे केस किती तऱ्हेचे असतात ते पाहिलं, तर त्यामागे शेकडो जनुकं असावीत असं वाटतं. २००९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या संशोधनाने दाखवलं, की बहुतेक वाणांमधली ही विविधता फक्त तीन जनुकांच्या जुळणीतून येते. एक केसांची लांबी ठरवतं, दुसरं दाढी-मिशा आणि दाट भुवया देतं, तिसरं कुरळेपणा. लांबीचं जनुक एफजीएफ-५. त्याचा लांब केसांचा प्रकार दबून राहणारा आहे. आई आणि बाप, दोघांकडून एकेक प्रत आली तरच पिल्लाचे केस लांब होतात. एकच आली तर पिल्लू आखूड केसांचं दिसतं आणि ती प्रत पोटात घेऊन फिरतं.

“म्हणजे?” काकांनी विचारलं.

“म्हणजे पामेरियन बाप आणि अस्सल देशी आई असती, तर सगळी पिल्लं आखूड केसांचीच झाली असती. तर्रीचे केस लांब आहेत, याचा अर्थ तिच्या आईनेही लांब केसांची प्रत दिली. ती कॅनॉल रोडवरची पिवळी कुत्री आठवते ना? पाहून कोणी म्हटलं असतं, पक्की गावठी. तिच्याही मागच्या कुठल्या तरी पिढीत घरातलं लांब केसांचं कुत्रं होतं.”

काका थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “आणि पाय?”

पायांची गोष्ट उलटी. आखूड पायांमागे एफजीएफ-४ या जनुकाची एक जादा नक्कल असते. तीही २००९ मध्येच उघडकीस आली, आणि डॅशहुंड, कॉर्गी, बॅसेट अशा एकोणीस वाणांत ती एकाच पूर्वजाकडून आलेली आढळली. ही नक्कल एकाच बाजूने मिळाली तरी पाय आखूड होतात. म्हणजे आई-बापांपैकी एकाचे पाय तरी आखूड असलेच पाहिजेत. आईचे नव्हते, तेव्हा बापाचे असणार. पामेरियनचे तसे नसतात. लासा आप्सोचे असतात, पण लासाला दाढी-मिशा असतात आणि तो गुणही एका प्रतीने दिसून येतो. तर्रीचं तोंड साफ आहे. उरला डॅशहुंड. आपल्याकडचे बहुतेक डॅशहुंड आखूड केसांचे. त्यातला एखादा लांब केसांची प्रत लपवून असेल, किंवा तर्रीचा बाप स्वतःच मिश्र असेल.

“म्हणजे ‘दोन ब्रीडचा क्रॉस’ हे सूत्रच बसत नाही,” पुतणी म्हणाली. “आई मिश्र, बापही बहुधा मिश्र. आणि काका, भाद्रपदात एका कुत्रीमागे किती कुत्रे असतात ते तुम्हीच पाहिलेलं आहे. एका वेतातल्या पिल्लांचे बाप वेगवेगळे असू शकतात. तर्रीची भावंडं आखूड केसांची, लांब पायांची होती, यात नवल काही नाही.”

इथे या लेखाला थोडं थांबायचं आहे, कारण तर्रीच्या केसांतून या पेठेबद्दल जे कळतं, ते तिच्या आई-बापांच्या नावांपेक्षा मोठं आहे. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. अशा हवेत पिढ्यान्‌पिढ्या मोकळं वाढलेलं कुत्रं आखूड केसांचं, सडपातळ, लांब पायांचं होतं. तर्री उन्हाळाभर वाळ्याच्या ताट्या लावलेल्या कूलरसमोरून हलत नाही. तिच्या अंगावरचा कोट या मातीतला नाही. ऐंशी-नव्वदच्या दशकांत घरोघरी पांढरी झुपकेदार कुत्री आली. त्यांना सगळे पामेरियन म्हणत, पण ती बहुतेक इंडियन स्पिट्झ. १९९४ च्या ‘हम आपके हैं कौन’मधला टफी तोच. मग २००३ मध्ये हचच्या जाहिरातीतून पग आला, पुढे हस्की आले. हौस फिटली, बदली झाली, कुत्र्याला खरूज झाली, की यातली काही रस्त्यावर आली. त्यांतली बरीचशी टिकली नसतील. ज्यांची पिल्लं झाली, त्यांचे केस पिवळ्या आखूड केसांच्या कुत्र्यांत दडून राहिले आणि एका हिवाळ्यात तर्रीच्या अंगावर उगवले. रामदासपेठेत कोणी काय पाळलं आणि काय सोडून दिलं, याची कुठल्याही दप्तरात नोंद नाही. या झालरीत ती थोडीशी आहे.

काकांना हे पटलं. पण त्यातून त्यांनी काढलेला निष्कर्ष पुतणीच्या विरुद्ध होता. “हेच तर मी सांगतो. मिसळण झाली की असं होतं. देशी कुत्रं देशी राहिलं नाही, आणि पामेरियन पामेरियन राहिला नाही.”

देशी कुत्र्याची बाजू पुतणी नेहमी जोरात मांडते, आणि तिच्यापाशी त्याला आधारही आहे. आपण ‘गावठी’ म्हणतो आणि त्याचा अर्थ ‘भेसळीचं’ असा धरतो. ही चूक आहे. २०१५ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल अॅकॅडमी ऑफ सायन्सेसच्या नियतकालिकात एक मोठा अभ्यास आला. त्यात ३८ देशांतली ५४९ गावकुत्री आणि १६१ वाणांची साडेचार हजारांहून अधिक जातिवंत कुत्री तपासली होती. दक्षिण अमेरिकेत आणि पॅसिफिक बेटांवर काही ठिकाणची गावकुत्री जवळजवळ पूर्णपणे युरोपीय रक्ताची निघाली. भारत, व्हिएतनाम, इजिप्त इथल्या गावकुत्र्यांत मात्र युरोपीय मिश्रणाची खूण अगदी नाममात्र होती. आपल्या खेड्यातलं पिवळं, उभ्या कानांचं, वळलेल्या शेपटीचं कुत्रं ही कशाकशाची खिचडी नव्हे. ती स्वतःच एक जुनी, आपली आपण घडलेली वस्ती आहे. मेजर डब्ल्यू. व्ही. सोमण यांनी १९६३ मध्येच भारतीय कुत्र्यांवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं, आणि त्यात या कुत्र्याला जागा दिली होती.

“आणि तुमचे जातिवंत,” ती म्हणाली, “ते कुठून आले? डॉबरमनचं सांगते. जर्मनीत आपोल्डा नावाच्या गावात लुई डॉबरमन नावाचे गृहस्थ होते. करवसुली करायचे, आणि गावातल्या बेवारस कुत्र्यांचा कोंडवाडाही त्यांच्याकडे होता. वसुलीला जाताना सोबत दणकट कुत्रं हवं, म्हणून त्यांनी हाताशी असलेल्या कुत्र्यांमधून ते घडवलं. कोणकोणती घेतली याची वही ठेवली नाही. रॉटवायलर असेल, पिंशर असेल, मँचेस्टर टेरियर असेल, असे आजवर अंदाजच चालले आहेत. तुमच्या दोन्ही डॉबरमनच्या कागदावर खापरपणजोबांपर्यंत नावं होती, पण त्या नावांची सुरुवात कोंडवाड्यापाशी होते.”

काका हसले नाहीत, रागावलेही नाहीत. “सुरुवात कुठूनही होवो,” ते म्हणाले. “नंतर शंभर वर्षं माणसांनी निगुतीने निवड केली, त्याला काही किंमत आहे की नाही? गोल्डन रिट्रीव्हरची वही तर आहे ना?”

आहे. स्कॉटलंडमध्ये ग्विसाकन इथे डडली मार्जोरीबँक्स, म्हणजे पुढचे लॉर्ड ट्वीडमाउथ, यांनी काळ्या कुत्र्यांच्या वेतात निघालेला एक पिवळा कुत्रा घेतला. त्याचं नाव नूस. १८६८ मध्ये त्यांनी तो बेल नावाच्या ट्वीड वॉटर स्पॅनियल कुत्रीला दिला आणि चार पिवळी पिल्लं झाली. पुढच्या प्रत्येक जोडीची नोंद १८९० पर्यंत त्यांच्या वहीत आहे. मिश्र कुत्र्याचे आई-बाप नेमके कोण, हे इतक्या स्वच्छपणे सांगता येईल अशी उदाहरणं जगात फार थोडी. त्यातला आईचा वाण आज नामशेष झाला आहे; तो उरला आहे तो गोल्डनच्या रक्तातच. आणि काळ्या वेतातला तो पिवळा नूस म्हणजे तर्रीचीच कथा: आई-बापांत लपलेलं रूप पिल्लात वर आलं.

मग काकांनी आपला सगळ्यात वजनदार मुद्दा काढला. तो विलायती कुत्र्यांचा नव्हता. “करवानीचं काय?”

करवानी म्हणजे महाराष्ट्र-कर्नाटकाच्या कोरड्या पट्ट्यातला शिकारी कुत्रा. सोलापूर, सांगली, लातूरकडे करवानी, सीमेपलीकडे मुधोळ. लांब निमुळतं तोंड, खोल छाती, आत गेलेलं पोट, पाय काडीसारखे आणि धावणं वाऱ्यासारखं. अंगावर रेशमी झालर असली की तो पशमी. फारसीत पश्म म्हणजे लोकर. काफिल्यांबरोबर पश्चिम आणि मध्य आशियातून आलेल्या सालुकीसारख्या कुत्र्यांचा इथल्या कुत्र्यांशी संकर होऊन तो घडला, असं मानतात. मुधोळचे संस्थानिक मालोजीराव घोरपडे यांनी बेडर समाजाच्या शिकाऱ्यांकडे ही कुत्री पाहिली, त्यांची पैदास जोपासली आणि एक जोडी ब्रिटनच्या राजाला, पाचव्या जॉर्जला भेट दिली, असं सांगतात. २००५ मध्ये टपाल खात्याने ज्या चार भारतीय वाणांची तिकिटं काढली त्यांत मुधोळ होता. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने देशी कुत्र्यांचे जे तीन वाण सर्वांत आधी नोंदवले, ते राजापालयम, चिप्पीपराई आणि मुधोळ.

“तू म्हणतेस मिसळण वाईट नाही,” काकांचा आवाज चढला होता. “पण गावात कोणी शर्यतीसाठी ग्रेहाउंडचं रक्त मिसळलं, की दोन वेतांत वेगवान पिल्लं मिळतात आणि करवानी मरतो. मग त्याची ती दिवसभर उन्हात चालायची ताकद, कमी खाऊन टिकायची ताकद, सगळं गेलं. धनगराने, शिकाऱ्याने शेकडो वर्षं राखलेलं आपण एका पिढीत घालवायचं? त्याचे आई-बाप विचारायचे नाहीत का?”

इथे पुतणीपाशी उलट उत्तर नव्हतं, आणि या लेखाच्या मतेही काकांची बाजू भक्कम आहे. करवानी हा मुळात संकर होता म्हणून आज त्याचा संकर चालेल, असं होत नाही. एखादी गोष्ट मिसळणीतून जन्मली, तरी घडून झाल्यावर ती जपण्याजोगी असू शकते. गोल्डनच्या वहीइतकीच करवानीच्या मालकाची तोंडी वंशावळ मोलाची आहे. पुतणीने एवढंच म्हटलं की जपायचं ते कामासाठी जपावं, आणि रक्त इतकं आवळू नये की गुदमरेल. त्यासाठी तिने डाल्मेशियनचं उदाहरण दिलं. शुद्धतेच्या नादात त्या वाणातल्या सगळ्या कुत्र्यांतून युरिक अॅसिड नीट पचवणारं जनुक हरवलं आणि मूतखड्याचा त्रास वाणाच्या कपाळी आला. १९७३ मध्ये अमेरिकेत रॉबर्ट शायबल यांनी एकदाच पॉइंटरचा संकर केला आणि नंतर प्रत्येक पिढीत पुन्हा डाल्मेशियनच दिला. ठिपके तसेच राहिले, हरवलेलं जनुक परत आलं. तिथल्या केनेल क्लबने ही कुत्री १९८१ मध्ये नोंदवली, मग सभासदांच्या विरोधामुळे नोंद थांबवली; ती पुन्हा सुरू व्हायला २०११ उजाडलं.

“म्हणजे क्रॉस निरोगी असतो, हे खरं?”

“नेहमी नाही,” ती प्रामाणिकपणे म्हणाली. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस इथल्या विद्यापीठाने २७ हजारांवर आजारी कुत्र्यांच्या नोंदी तपासून २०१३ मध्ये जे मांडलं, त्यात २४ आनुवंशिक आजारांपैकी १० जातिवंतांत जास्त आढळले, एक मिश्र कुत्र्यांत, आणि १३ बाबतींत फरकच नव्हता. ब्रिटनमधल्या २०२४ च्या अभ्यासात लॅब्राडूडल, कॉकापू आणि कॅव्हापू ही महागडी मिश्र कुत्री त्यांच्या आई-बापांच्या वाणांशी ताडून पाहिली. दर सात तुलनांपैकी साधारण सहांत फरक दिसला नाही.

लॅब्राडूडलचं नाव निघाल्यावर काकांचे डोळे चमकले, कारण ती कथा त्यांच्या बाजूची आहे असं त्यांना वाटत आलं आहे. ऑस्ट्रेलियात अंधांसाठी कुत्री तयार करणाऱ्या संस्थेत वॉली कॉनरन काम करत. हवाईतल्या एका अंध बाईंना कुत्रा हवा होता, पण त्यांच्या नवऱ्याला कुत्र्याच्या केसांची अॅलर्जी. कॉनरन यांनी तीन वर्षांत ३३ पूडल पाहिले, एकही त्या कामाला उतरला नाही. शेवटी त्यांनी पूडल आणि लॅब्रॅडॉरची जोडी लावली. तीन पिल्लं झाली. तिन्हींचे केस आणि लाळ हवाईला पाठवली. एकाचाच त्रास झाला नाही. तो सुलतान, १९८९ च्या सुमाराचा. उरलेली दोन पिल्लं सांभाळायला कोणी पुढे येईना, कारण मिश्र कुत्रं कोणाला नको होतं. कॉनरन यांनी त्यांना ‘लॅब्राडूडल’ हे नाव देऊन वर्तमानपत्रांत बातमी दिली, आणि रांग लागली. पुढे बाजाराने त्या नावाचं जे केलं ते पाहून, आपण हे सुरू करायला नको होतं, असं त्यांनी २०१९ मध्ये उघडपणे सांगितलं.

“बघ,” काका म्हणाले. “करणाराच पस्तावला.”

“कशाने पस्तावले, काका? कुत्र्याने नाही. पिल्लू तेच होतं. बिननावाचं होतं तेव्हा कोणी घेईना, नाव लागलं तेव्हा पैसे मोजायला तयार झाले. आणि तीनातलं एकच पिल्लू चाललं होतं, हे सगळे विसरले. आता ऑस्ट्रेलियन लॅब्राडूडल म्हणून जी कुत्री विकतात, त्यांत २०२० च्या तपासणीत बहुतेक वाटा पूडलचाच निघाला.”

नावाने माणसं काय करतात, याचं जवळचं उदाहरण दिल्लीचं आहे. १२ मार्च २०२४ रोजी केंद्र सरकारच्या पशुसंवर्धन विभागाने राज्यांना पत्र पाठवून २३ ‘हिंस्र’ वाणांची आयात, पैदास आणि विक्री थांबवायला सांगितलं. यादीत पिटबुल होता, रॉटवायलर होता, आणि ‘त्यांचे मिश्र व संकरित’ हे शब्दही होते. महिन्याभरात, १० एप्रिलला, कर्नाटक उच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केलं. संबंधितांशी सल्लामसलत झाली नाही हे त्यातलं एक कारण. पण त्या शब्दांनी घातलेला घोळ कायम आहे. रुंद डोक्याचं रस्त्यावरचं कुत्रं ‘पिटबुल क्रॉस’ आहे, हे कोण आणि कशावरून ठरवणार?

“चावणं तरी ब्रीडवर असतं ना?” काकांनी विचारलं.

पुतणीने २०२२ च्या एका अभ्यासाचे आकडे दिले: १८ हजारांवर कुत्र्यांच्या मालकांनी भरलेल्या प्रश्नावल्या, दोन हजारांवर कुत्र्यांचे जनुकक्रम. एका कुत्र्याच्या आणि दुसऱ्याच्या वागण्यात जो फरक असतो, त्यातला सुमारे ९ टक्केच वाणावरून सांगता येतो. माणसाचं ऐकून वागण्याच्या वृत्तीत वाणाचा हात थोडा जास्त दिसतो, म्हणजे काकांचा लॅब्रॅडॉर गुणी होता त्यात त्याच्या वंशाचं श्रेय नक्कीच होतं. पण कुत्रं किती लवकर चिडतं, याबाबत वाण जवळजवळ काहीच सांगत नाही.

एवढं झाल्यावर काकांनी शेवटचा प्रस्ताव मांडला. गालाच्या आतून फाया फिरवून पाठवला की टक्केवारीसकट वंशावळ येते. पैसे ते देतील. पुतणीने नकार दिला नाही, एक अट घातली. अशी चाचणी तिच्या संग्रहात असलेल्या वाणांशीच तुलना करते. संग्रहात दक्षिण आशियातली गावकुत्री नसतील, तर तर्रीचा देशी वाटा ती कुठल्या तरी दूरच्या विलायती नावांवर वाटून टाकेल आणि आपण ते खरं मानून बसू. ती वस्ती संग्रहात धरणारी चाचणी असेल, तरच करायची.

“आणि त्याआधी दोन गोष्टी कळायला हव्यात,” ती म्हणाली. “त्या वंशावळीपेक्षा जरुरीच्या आहेत. एक, औषधाची. कोली आणि मेंढ्या राखणाऱ्या काही वाणांत एमडीआर-१ जनुकात बिघाड असतो. अशा कुत्र्याला खरजेसाठी आयव्हरमेक्टिनचा मोठा डोस दिला तर तो मेंदूपर्यंत पोचतो, कुत्रं दगावूही शकतं. तर्रीच्या रक्तात कुठे कोली आहे का, ते चेहऱ्यावरून कळणार नाही. त्या एका जनुकाची चाचणी करता येते.”

“हे तर तू माझ्याच बाजूने बोलून राहिलीस.”

“होय जी, इथे तुमचीच बाजू. दुसरी गोष्ट पायांची. आखूड पायांच्या अनेक कुत्र्यांत त्या नक्कलेसारखी आणखी एक नक्कल असते. ती २०१७ मध्ये सापडली. ती असली की मणक्यामधल्या चकत्या लहान वयातच कडक होतात आणि सरकतात. डॅशहुंड मागच्या पायांनी अचानक लुळे पडतात ते त्यामुळे. तर्रीत ती आहे असं धरूनच चाललेलं बरं. दिवाणावरून उड्या नकोत, वजन वाढू द्यायचं नाही, जिना तर मुळीच नको.”

काकांनी कार्ड आपल्याकडे ओढलं आणि चष्मा लावला. ‘ब्रीड’पुढे त्यांनी सावकाश लिहिलं: देशी, लांब केसांची. थोडा विचार करून पुढे जोडलं: आई कॅनॉल रोडची. मग पान उलटून डॉक्टरांच्या शेऱ्यांसाठी सोडलेल्या जागेत लिहिलं: पाय आखूड, मणका जपणे, आयव्हरमेक्टिन देण्याआधी विचारणे. पुतणीने पुढच्या लशीची तारीख सांगितली, ती त्यांनी खाली टिपली.

खाली फाटकाशी कोणी तरी आल्याचा आवाज झाला आणि तर्री भुंकत जिन्याकडे धावली. पहिल्या पायरीवर तिने पुढचे पाय टेकवले होते. काका उठले, एक हात तिच्या छातीखाली आणि दुसरा मागच्या पायांखाली घालून त्यांनी तिला उचललं, आणि कठड्याला धरून एकेक पायरी उतरू लागले.